पाण्याला दमवणारे नाना

बबननाना ओव्हरसियरांना मी प्रथम पाहिले, तेव्हा ते ओढ्याच्या पात्रात अनवाणी उड्या मारत होते. शंभर किलोंचा माणूस! खाली शिनोलीत फडताळातल्या कपबश्या हलल्या असणार, पैजेवर सांगतो. मला वाटले, अंगात आलेय.

"काय बघताय, सायेब? जमिनीला इचारतोय, खाली खडक हाय का न्हाई."

खडक नव्हता. पहार टाकली की मुठीपर्यंत आत. नव्वदीतली गोष्ट. ओढ्याकाठच्या वाडीत वीज आलेली नव्हती. या भुसभुशीत जागी छोटा बंधारा बांधायचा, जास्तीचे पाणी माथ्यावरून सांडू द्यायचे आणि उरलेले पाइपातून खाली सोडून जनित्र फिरवायचे. नाना निवृत्त झालेले, तरी काम त्यांच्याकडेच. आणि हाताखाली मी, डिग्रीची शाई ओली असलेला.

"वरनं किती बी जाऊ द्या," नाना म्हणत. "खालनं निघालं की माती घेऊन जातं. त्याला लांबनं फिरवायचं. दमलं पायजे ते."

म्हणून भिंतीला लागून साठ्याच्या बाजूला, तळाशी, पंधरा हात सिमेंटची फरशी; पाण्याला तिच्याखालून तेवढा वळसा. वाडीचे कारभारी कोंडीभाऊ यांना ते पटेना. "पाण्याखालची फरशी कोण बघणार, राव? त्या सिमेंटात भिंत हातभर चढवा. लाइट कसा लखलखीत पडंल!"

नाना चार दिवस जुन्नरला लेकीकडे गेले आणि मी दीडशहाण्याने फरशी पाच हात आखडून भिंत चढवली.

पावसाळ्यात बंधारा भरला. भिंतीपलीकडे पायथ्याशी जमिनीतून पाणी चहासारखे उकळू लागले. नानांनी ओंजळीत धरले. गढूळ. तळाशी वाळू बसली.

"पाया चाललाय. कोंडीभाऊ, चढवलेली भिंत फोडा. आत्ता."

"आन् लाइट, नाना?"

"बंधारा ऱ्हायला तर लाइट!"

कोंडीभाऊंनी स्वतः घण उचलला. साठा उतरू लागला. तोवर उकळत्या जागेवर आम्ही वाळू, तिच्यावर खडी, मग दगड रचले. "पाण्याला वाट ठिवा, मातीला नको," नाना ओरडत होते. भीमाशंकराच्या घंटा त्यापुढे मुक्या. दुपार कलली आणि झिरपणारे पाणी निवळ आले.

"पर चूक कुणाची ही?" गर्दीतून कोणीतरी विचारले. कोंडीभाऊंनी मान खाली घातली. मी तोंड उघडले.

"माझी," नाना म्हणाले. "काम टाकून लेकीकडं गेलो व्हतो."

परतताना म्हणाले, "उन्हाळ्यात फरशी तूच पुरी कर. मी बघायला येणार न्हाई." आले नाहीतच. वाडीत दिवे लागले, तरी नाहीत.

काही वर्षांनी त्यांनी अंथरूण धरले, तेव्हा भेटायला गेलो. आवाज पार बसला होता.

"किती टाकलीस फरशी?"

"अठरा हात, नाना."

"तीन हात वाया घातलेस की रं!" पोट धरून हसले, खोकले, मग माझे मनगट पकडून हळूच म्हणाले, "म्या माझ्या दुसऱ्या बंधाऱ्याला सात हात वाया घातले व्हते. पयला वाहून गेल्याव."