एका प्रश्नावरचा आक्षेप

बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेची उत्तरतालिका लागली आणि मी एका प्रश्नापाशी अडलो. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेजच्या काचेत पाणी दिसेनासं झालं, तर आधी काय कराल? ‘ताबडतोब पाणी सोडा,’ असं तालिकेत छापलं होतं. तापलेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं तर बॉयलर फुटतो. आधी आग बंद करायची, हे साखर कारखान्यात मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

सोबत परीक्षा दिलेल्यांना म्हटलं, “चला, आक्षेप घेऊ.”

“पास होतोय ना आपण? मग कशाला?” म्हणत ते चहाला गेले.

परीक्षा कार्यालयाच्या खिडकीतल्या बाईंनी माझा अर्ज उलटसुलट पाहिला.

“या एका मार्कावर अडलंय का तुमचं?”

“नाही.”

त्यांनी अर्जावर शिक्का मारला. पोच घेऊन मी रिकाम्या बाकावर बसलो. माणूस चुकला की समजवायला चारजण जमतात. आपलं बरोबर असताना इतकं एकटं वाटतं, हे मला ठाऊक नव्हतं.

महिन्याभराने कळलं, प्रश्न रद्द झाला आणि सगळ्यांना एकेक मार्क मिळाला. सोबतच्यांनी फोन करून आभार मानले. बरोबर उत्तर कोणतं, ते मात्र एकानेही विचारलं नाही.