बोटीने न आलेलं जेवण

कटरे सरांनी माझ्या डब्यात वाकून पाहिलं, टोमॅटोच्या चटणीवर बोट रोखलं आणि विचारलं, "हिचा पासपोर्ट?"

शाळेतला माझा पहिलाच दिवस होता. मुर्रीहून निघून एक बस आणि एक काळीपिवळी जीप बदलून मी बोदलकसा तलावाकडच्या त्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला रुजू झाले होते. पोटात कावळे ओरडत होते आणि हा खिशाला तीन पेनं लावलेला उंच माणूस माझ्या चटणीची चौकशी करत होता. मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "गोंदियाच्या बाजारातली आहे." "ते झालं अलीकडचं," सर म्हणाले. "त्याआधी? अमेरिकेतून युरोप, तिथून पोर्तुगिजांच्या बोटीत बसून आपल्याकडे. एवढी बिचारी जगभर फिरून आली आणि तुम्ही तिला बाजारातली म्हणता!" आणि माझ्या परवानगीची वाट न बघता त्यांनी चटणीचा भला मोठा घास उचलला. त्या दिवसापासून आमचे डबे एकत्र झाले, ते सर निवृत्त होईपर्यंत. आता ते जाऊनही दोन दिवाळ्या झाल्या. मधल्या सुट्टीत त्यांची आठवण आली नाही असा दिवस माझ्या तरी वाट्याला आलेला नाही.

सर इतिहास शिकवायचे, पण पुस्तक क्वचितच उघडायचे. नववीला समुद्री सफरींचा धडा आला की ते मुलांना डबे उघडायला लावत आणि एकेका डब्यापुढे उभे राहत. "आलू? पेरू देशातला. बाहेर काढ. मिरची? बाहेर. शेंगदाना? बाहेर." शेवटी डब्यात कोरडा भात आणि वरण तेवढं उरायचं, आणि दरवर्षी एखादं पोरगं ओठ काढायचंच. मग सर त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "रडू नको बे, आली बोट. खा आता सगळं." साखरेपाशी मात्र त्यांचा आवाज उतरायचा. "ही गोड लागते न? हिच्यासाठी आफ्रिकेतली मानसं बोटीत कोंबून नेली. कितीतरी रस्त्यातच मेले." इतर वेळी प्रमाण मराठीत बोलणारे सर रंगात आले की थेट झाडीबोलीत उतरायचे. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "इतिहास म्हंजे राजे नाही रे पोट्टेहो. इतिहास म्हंजे सामान. कोनतं सामान कोनं कुठून कुठं नेलं, आन् त्यापायी कोन कोनाच्या मानगुटीवर बसलं, एवढंच."

औद्योगिक क्रांती शिकवायला ते वर्ग उचलून राईस मिलमध्ये न्यायचे. पट्टा, चाक, बॉयलर, उडणारा कोंडा, सगळं दाखवायचे आणि शेवटी मिलमालकालाच विचारायचे, "शेठ, मशीन आल्यावर धान कांडणाऱ्या बायांचं काय झालं, सांगा पोट्ट्यांना." शेठ चहा मागवून विषय बदलायचा. रेल्वेबद्दल ते म्हणत, "ती आपल्यासाठी नाही आली. लाकूड न्यायला आली, धान न्यायला आली. आपन मागाहून लटकलो." आणि कुणाच्या अंगणात बिडी वळताना बायका दिसल्या की थांबून म्हणत, "पान आपल्या जंगलातलं, तंबाखू अमेरिकेतली, धागा गिरनीतला. अख्खं जग हाय बाई तुह्या सुपात." त्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसायची, आणि घरी जाऊन आईला तेच सांगायची.

आता असा माणूस घरात शांत राहील का? वर्गाच्या भरात सर कित्येक वर्षांपासून एक घोषणा करायचे: "माह्या पोरीच्या लग्नात बोटीनं आलेली एक वस्तू ताटात दिसली, तं नाव बदलून ठेवजा!" मुलं ती घोषणा घरी न्यायची. म्हणता म्हणता ती पंचक्रोशीत पसरली. आणि एक दिवस सरांच्या मुलीचं, प्राचीचं, लग्न तिरोड्याच्या मुलाशी ठरलं, मे महिन्यातलं. मग जो तो विचारू लागला, "गुरुजी, आलू नाही न ठेवत?"

आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत आलू-वांग्याची भाजी नसणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजणार नाही. नवरदेव नसला तरी लोक एखादा तास थांबतील. भाजी नसली तर वऱ्हाड उठून जाईल. वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, एका रविवारी मला नमुन्याचं जेवण जेवायला बोलावलं. वांग्याची भाजी, मिरचीऐवजी काळी मिरी, टोमॅटोऐवजी चिंच, आलू गायब. खोटं कशाला बोलू, ती औषधासारखी लागत होती. सर मात्र "वा, वा!" करत दुसऱ्यांदा वाढून घेत होते आणि घटाघट पाणी पीत होते. झेंडूसुद्धा मेक्सिकोचा म्हणून मांडवाला आंब्याची पानंच लावायची, असंही त्यांनी तिथेच जाहीर केलं.

प्राची ताटावरून उठली. "बाबा, हे माझं लग्न आहे, तुमचा तास नाही. वऱ्हाडी उपाशी उठले तर तुम्ही गोष्ट सांगून मोकळे व्हाल. मला मात्र त्या घरात जन्मभर ऐकावं लागेल." वहिनी चिडल्या की पोवारीत, म्हणजे पोवारांच्या घरच्या बोलीत, जायच्या आणि फारच चिडल्या की गप्प बसायच्या. त्या दिवशी गप्प होत्या.

सरांच्या बाजूने घरात एकच माणूस होता, त्यांचे काकाजी. ऐंशी ओलांडलेले, ताठ, घराण्याचे सगळ्यात मोठे. आपले पूर्वज माळव्याहून कसे आले, हे ते बसल्या जागी तासभर सांगू शकत. ते खूश होते. "बरोबर हाय मास्तरचं. आपलं तेच शुद्ध. बाहेरचं कायले पाह्यजे?" सर चपापले. "काकाजी, शुद्ध-अशुद्ध नाही म्हनत मी. कुठून काय आलं, ते लोकांले समजावं म्हनून..." "तेच तं!" काकाजी म्हणाले आणि त्यांनी मिशीवरून हात फिरवला. आपला धडा भलत्याच वाटेने चाललाय हे सरांना कळलं होतं, पण दिलेला शब्द मोडेल तो मास्तर कसला!

शेवटी त्यांनी तोड काढली. जुनं जेवण बेचव नसणारच, आपल्यालाच ते येत नाही. आमच्या शाळेतल्या मडावी शिपायाची आत्या, सुकरोबाई, दरेकशाच्या डोंगरातल्या आदिवासी वस्तीत राहायची. तिला जुनं सगळं ठाऊक, असं मडावीने सांगितलं. सर निघाले. प्राचीने माझा हात धरला, "मॅडम, तुम्ही सोबत जा. बाबांचं डोकं ठिकाणावर आणा." मी म्हटलं, "पोरी, एवढी वर्षं डबा वाटून खाल्ला, तरी ते जमलं नाही." पण गेले.

दरेकशाच्या छोट्या स्टेशनवर उतरून आम्ही उन्हातून तासभर चाललो. सुकरोबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. वाळलेली काया, हातांवर गोंदण, डोळे मात्र लख्ख. तिने खाट टाकून दिली आणि पुन्हा फुलांशी बसली. सरांनी वही काढली. ती सांगत गेली: कोदो, कुटकी ही बारीक धान्यं, चारोळी, अंबाडी, बांबूचे कोवळे कोंब. सर लिहीत होते, मध्येच ओरडत होते, "मॅडम, ऐकून राहिल्या न?" मी विचारलं, "आजी, बांबूचे कोंब मे महिन्यात मिळतात का?" ती म्हणाली, "छे वो माय, ते पान्यापावसात." सरांनी निमूटपणे कोंब खोडले.

"पन गुरुजी," सुकरोबाईने फुलं परतता परतता विचारलं, "तुमी हे कायले लिवून राहिले?"

"आजी, पोरीचं लगन हाय. बाहेरून आलेलं काहीच ठेवाचं नाही ताटात."

"बाहेरून म्हंजे?"

"समुद्रापलीकडून. बोटीनं आलेलं."

"आन् बैलगाडीनं आलेलं?"

सरांना कळलं नाही. मलाही नाही.

"तुमचे लोक कशानं आले?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच माहिती हवी असल्यासारखं ती विचारत होती. "आमचे म्हातारे सांगत, तुमी आले तवा आमी येथंच होतो. तुमी धान लावलं, बांध घातले, चांगलंच केलं. जमीन तुमची झाली, आमी डोंगराकडं सरकलो. पन आले तं बाहेरूनच न बावा? ताटातून मिरची काढसान, तं पंगतीतून तुमाले कोन काढन?"

सरांचं पेन थांबलं. त्या माणसाला मी इन्स्पेक्शनच्या साहेबाला अर्धा तास बोलताना ऐकलं होतं, मिलच्या शेठला गप्प करताना पाहिलं होतं. तिथे त्यांनी वही मिटली आणि पेन खिशाला लावलं. सुकरोबाईने आम्हाला गुळाचा खडा आणि पाणी दिलं आणि गाडीची वेळ होतेय म्हणून तीच घाई करू लागली. निघताना सरांनी वाकून तिच्या पायाला हात लावला. "लगनाले यावं लागते आजी. मी स्वतः न्यावाले येतो." ती खळखळून हसली, "येईन न, कायले नाही येनार?"

परतीच्या पॅसेंजरमध्ये गर्दी नव्हती. सर खिडकीबाहेर बघत होते. सालेकसा गेल्यावर म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं मी हा धडा शिकवला. कोलंबस आला. गामा आला. इंग्रज आला. ते आले, ते आले, ते आले. 'आपण आलो' असं मी एकाही वर्गाला सांगितलं नाही." मला त्यांची थट्टा करायची फार इच्छा होती, एवढी चांगली संधी पुन्हा आली नसती. पण त्यांचा चेहरा बघून मी नुसता शेंगदाण्याचा पुडा पुढे केला. त्यांनी पासपोर्ट विचारला नाही.

घरी पोहोचताच सरांनी आचाऱ्याला फोन लावला. आलू आला, मिरची आली, टमाटर आला, मांडवाला झेंडूही चढला. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. गावाने मात्र सोडलं नाही. "गुरुजी, नाव काय ठेवाचं मंग तुमचं?" असं पानठेल्यावरचं पोरगंसुद्धा विचारायचं. सर हसून सांगायचे, "ठेव बावा कोनतंही. पन जेवाले ये." काकाजींना तेवढं रुचलं नाही. शब्द देऊन मोडला म्हणून ते चार दिवस सरांशी बोलले नाहीत.

लग्नाच्या दिवशी मांडवात पहिली पंगत बसली. आमच्याकडे पहिल्या पंगतीत व्याही आणि घरातले वडीलधारे, आणि सगळ्यात मोठ्याने घास घेतल्याशिवाय कुणी हात लावत नाही. काकाजींसाठी मधलं पान राखलं होतं. सरांनी सुकरोबाईला हाताला धरून आणलं आणि काकाजींच्या शेजारच्या पानावर बसवलं. ती नवं लुगडं नेसून आली होती, एवढ्या लोकांत जरा अंग चोरून बसली.

काकाजी आले, त्यांनी पाहिलं आणि उभेच राहिले. "मास्तर, हे कोन?"

सरांनी सांगितलं.

"मंग तिकडं बसव न. दुसऱ्या पंगतीत. मी येथं नाही बसत."

वाढपी हातात भांडी घेऊन थबकले. व्याही एकमेकांकडे बघू लागले. घरचा कर्ताच उठून गेला तर पंगत मोडली, आणि पंगत मोडली तर वऱ्हाड राहत नाही. नवरीच्या खोलीच्या दारात प्राची उभी होती, तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वहिनींनी माझा दंड असा आवळला की दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं झालं. सुकरोबाई उठायला लागली. मला वाटलं, आता सर व्याख्यान देणार आणि सगळ्याची माती होणार.

सरांनी व्याख्यान दिलं नाही. त्यांनी सुकरोबाईच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि हात जोडून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "काकाजी, आपन पिढ्यान्‌पिढ्या हिच्या गावात जेवून राहिलो. हिच्या लोकाईनं कधी उठवलं नाही आपल्याले."

काकाजींनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा व्याह्यांकडे. मग त्यांनी काठी वाढप्याच्या हातात दिली, गुडघ्यांवर हात टेकले आणि कण्हत पानावर बसले. घास घेतला. सगळ्या पंगतीने घास घेतला.

सुकरोबाईने आलू-वांग्याची भाजी चाखली, तोंड वाकडं केलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काऊन गुरुजी, मिरची संपली काय जी तुमच्या गावातली?"

आधी व्याही हसले, मग मांडव हसला. काकाजींनी दुसरा घास तोंडात घोळवला, मान हलवली आणि वाढप्यावर खेकसले, "खरं बोलून राहिली ते. पानचट हाय. ठेचा आन बे. आधी बाईले वाढ, मंग मले."

वाढपी हलायच्या आत कटरे सर स्वतःच ठेच्याचं भांडं आणायला पळाले.