न्हाव्याचा मुखवटा

न्हाव्याच्या तोंडाचा पट्टा कात्रीपेक्षा जोरात चाले. गिऱ्हाईक जरा वळलं की मात्र एकच हुकूम : "हलू नका!"

आणि नेमका त्याचाच उजवा हात हलायला लागला. फुप्फुसातला कॅन्सर मेंदूत पोचला होता, गाठ चांगली लिंबाएवढी. "जगायचं किती ते राहू द्या," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "वस्तरा धरता येईल का, तेवढं सांगा."

"वचन नाही देत, काका. गाठ किरणांनी जाळू. पण मोठी आहे. एका दमात जाळली तर आजूबाजूचा मेंदू सुजेल. म्हणून तीनदा, थोडी थोडी."

"कापाकापी नाही? अरेच्चा! बिनपाण्याची हजामत ऐकली होती, ही तर बिनवस्तऱ्याची!" मग प्रश्नांची सरबत्ती. किरण दिसतात का? वास येतो का? वाटेतलं सोडून गाठच कशी जळते? चहूबाजूंनी हलके हलके येतात आणि गाठीवर एकवटतात, हे ऐकून गडी बेहद्द खूश झाला.

डोकं तसूभरही हलू नये म्हणून चेहऱ्यावर प्लास्टिकची गरम, मऊ जाळी दाबून मुखवटा बनवला. तेव्हा दाढीचं रान माजलेलं. हात थरथरायचा, आणि दुसऱ्या न्हाव्याला गालाला हात लावू देईल तर शपथ!

किरणांच्या पहिल्या दिवशी त्याने आरशात पाहिलं. "एवढ्या मोठ्या यंत्रापुढे हे ध्यान घेऊन जाऊ? धंद्याची अब्रू जाईल!" त्याने बायकोच्या हाती वस्तरा दिला. तिने जीव मुठीत धरून गाल गुळगुळीत केले.

झालं! मुखवटा ढिला. यंत्रावरच्या पोराने कपाळाला हात लावला. "काका, माप दाढीवरचं होतं!" नवा मुखवटा करायचा, म्हणजे किरणं लांबणीवर.

बायकोला रडूच कोसळलं. "माझ्या हातून घात झाला."

"गप गं. एक ओरखडा नाही. तुझा हात माझ्याहून हलका आहे." जुना मुखवटा त्याने मागूनच घेतला.

नव्या मुखवट्यात तिन्ही वेळा किरणं झाली. मग रोज दुकानात मुखवट्याला फेस फासून वस्तऱ्याचा सराव. फेस भोकांतून आत गळायचा आणि हा पोट धरून हसायचा. काही महिन्यांनी मेंदूच्या नव्या फोटोत गाठ निम्मी दिसली.

त्या संध्याकाळी तो स्वतः आरशासमोर बसला. दोन्ही गालांवरची दाढी झकास उतरली. हनुवटीशी वस्तरा थरथरला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्याला फार वाईट वाटलं.

त्याने वस्तरा बायकोपुढे धरला. "एवढं तू कर. आणि काय गं, ते किरण..."

तिने त्याची हनुवटी वर उचलली.

"हलू नका," ती म्हणाली.

न्हावी गप्प बसला.