उघाडी दिसली पाहिजे

तुमच्या डोळ्यांसमोर उभी असलेली वस्तू ‘आढळून आली नाही’ असं सरकारी कागदानं सांगितलं, तर तुम्ही काय कराल? मान डोलावून घरी जाल?

रंजिता नाही गेली. नवी मुंबईत उलव्याजवळच्या खाडीकाठी तिचं गाव. गावाच्या बांधात लाकडी फळ्यांचं दार आहे. भरती आली की ते पाण्याच्या रेट्यानं मिटतं, ओहोटीला उघडून गावातलं पाणी बाहेर सोडतं. आगरी माणूस त्याला उघाडी म्हणतो. भराव टाकणाऱ्या डंपरांनी ती अर्धी गाडली. पुरती बुजली तर पावसाळ्यात घराघरात कमरेएवढं पाणी. रंजितानं अर्ज दिला. उत्तर आलं, ‘सदर ठिकाणी उघडी जागा आढळून आली नाही.’

“उघडी नाय, उघाडी!” ती कार्यालयात कडाडली.

साहेबांनी तिच्या मोबाइलमधल्या फोटोवर बोट ठेवलं. “यात तर भिंत दिसतेय, बाई.”

दिसत होती खरी. भराववाल्याचे पहारेकरी जवळ फिरकू देत नव्हते, म्हणून फोटो लांबच्या रस्त्यावरून, बोटांनी ताणून मोठा करून काढलेला. फळ्या, फटी, सगळं मोबाइलनं गुळगुळीत करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सीवूड्सच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात उभी. काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर नाव होतं, कैनात.

“मावशी, रील्स बनवायच्यात का?”

“भांडन कराचा हाय, बाय.”

कैनात हसली आणि भलामोठा कॅमेरा पुढं केला.

“यो गल्यात घातला तं वॉचमन लांबूनच शिटी मारंल. कमरंच्या पिशवीत मावंल असा दे. रोज बांधावर न्यायचा हाय.”

मग गुलाबी, छोटा आला. त्याचे मेगापिक्सेल म्हणे इतके नि तितके! आकड्यांना भुलणारी गिऱ्हाइकं वेगळी. रंजिता तो घेऊन दारात गेली. समोरच्या इमारतीला परांची बांधली होती. तिनं फोटो काढला. “बांबूच्या गाठी दाव.”

फोटोत गाठींच्या जागी नुसता चिखल.

कैनात आता तापली, पण दुकानातल्या मालावर. “थांबा मावशी, हे नाही चालणार.” तिनं आतून काळा, मुठीएवढा कॅमेरा आणला. “याची काच खरोखर पुढं सरकते. बाकीचे नुसतं फोटो ताणतात.”

“उन्हान पडद्यावर काय दिसत नाय. डोला लावाला भोक हाय का?”

होतं. रंजितानं डोळा लावला. सुतळीची गाठ दिसली, गाठीचा सुटलेला धागासुद्धा दिसला.

“यो बांधून दे.”

त्याच आठवड्यात ओहोटीला तिनं रस्त्यावरूनच फोटो घेतला. चार फळ्या, गंजलेली बिजागरी, फटीतून झिरपणारं पाणी. तो छापून ती कार्यालयात घेऊन गेली. साहेबांनी कागद जवळ नेला, लांब धरला. मग पेन काढलं.

“काय म्हणता तुम्ही याला?”

“उघाडी. घ-ला काना.”

त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, काना देऊन. आता येत्या मंगळवारी सकाळी दहाला बांधावर पाहणी आहे. साहेब येतील, भराववाल्याची माणसं तर नक्की येतील. रंजिता कॅमेरा घेऊन उभी असेल, पण एकटी बाई पाहून कागद पुन्हा फिरायला वेळ लागत नाही. हे वाचताय ना? मग मंगळवारी बांधावर या, आणि पाहणी संपेपर्यंत तिच्या शेजारी उभे राहा.