शेटजींची मोटार आणि नागम्माची म्हैस

ईश्वरप्पाचा निम्मा जन्म बैलगाडी हाकण्यात गेला. मग नव्या पेठेतल्या गुरुबसप्पा शेटजींनी मोटार घेतली आणि चाळिशी उलटलेला हा गाडीवान महिनाभर शिकून ड्रायव्हर झाला. तेव्हा सोलापुरात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. शेटजींची तर अगदीच चिमुकली, पण भोंगा असा की टांग्याची घोडी बुजावीत. त्या भोंग्यानं ईश्वरप्पाच्या डोक्यात हवा गेली. जुन्या सोबत्यांना तो ओळख देईना. कुणी आडवं आलं की म्हणायचा, "लोखंड हाय हे! बाजूला व्हा, न्हाईतर चुरा व्हईल."

एका सकाळी तो शेटजींना घेऊन निघाला, तर सात रस्ता चौकात नागम्मा गवळणीची म्हैस मधोमध उभी होती. ईश्वरप्पानं भोंगा वाजवला. म्हशीनं एक कान हलवला. पुन्हा वाजवला, तर तेवढंही नाही. आता ब्रेक दाबायचा, पण ऐन वेळी जुनी सवय आडवी आली. पाय राहिला जागेवर आणि हातातलं चाक कासऱ्यासारखं छातीकडं ओढत तो ओरडला, "हो! हो! हो रं!"

मोटार काही बैल नव्हती. धाडकन आवाज झाला. शेटजी मागच्या बाकावरून ईश्वरप्पाच्या पाठीवर आले, त्यांच्या डोक्याचा रुमाल उडून रस्त्यात पडला. मोटारीचं नाक चेपलं, पाण्याची टाकी फुटून वाफा निघाल्या. म्हैस दोन पावलं सरकली, तिनं वळून एकदा बघितलं आणि शेपूट वर करून शेण टाकलं.

गर्दी जमली. जो तो विचारू लागला, "म्हशीला लागलं का हो?"

शेटजी उसळले, "तिनं धडक दिली मोटारीला! ईश्वरप्पा, सांग सगळ्यांना."

ईश्वरप्पा पेचात पडला. ब्रेकचं सांगावं तर स्वतःची अब्रू जाणार. तो म्हणाला, "मालक, ती उभीच हुती की. खरं सांगू का, आपली मोटारच लई हलकी हाय. म्हशीपरास हलकी."

"मग! रोज सरकी घालते मी तिला," नागम्मा म्हणाली.

लोक पोट धरून हसले. शेटजींना धडक सोसली, हे हसणं सोसलं नाही. संध्याकाळच्या आत ईश्वरप्पाची नोकरी गेली. आपला दोष लपवायला त्यानं जे सांगितलं, ते नेमकं खरं होतं, आणि तेच त्याला भोवलं.

नागम्माची मात्र भरभराट झाली. मोटार अडवणाऱ्या म्हशीचं दूध प्यालं की पोरं पैलवान होतात, असं पेठेत पसरलं. शेटजींच्या घरातही सुंदरम्मा शेटाणी मागच्या दारानं चरवीभर दूध घेऊ लागल्या.

ईश्वरप्पा पुन्हा बैलगाडीवर आला आणि गिरणीच्या कापसाच्या गाठी वाहू लागला. अड्ड्यावरचे गाडीवान त्याला हाक मारत, "काय डायवरसाहेब!" सुरुवातीला तो शिव्या द्यायचा. पुढं ओ देऊ लागला. आणि शेवटी शेवटी तर कुणी नुसतं ईश्वरप्पा म्हटलं, तर त्याला ऐकूच येईना.