एका रोलचं लग्न

यादव रोकडेला लग्नाच्या फोटोंच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा भिवंडीतल्या निम्म्या फोटोग्राफरांना वाटलं, परीक्षकांचं डोकं फिरलंय. फोटो लग्नाचा, आणि त्यात नवराही नाही, नवरीही नाही! पण तो भिंतीवर लागला आणि नावं ठेवणारेच जवळ जाऊन बघत उभे राहिले.

साल चौऱ्याण्णव. रंगीत फोटोंनी केव्हाच बाजी मारली होती, व्हिडिओवाले मांडवात दिव्यांचे खांब नाचवत होते, आणि यादव मात्र प्रत्येक लग्नात एक तरी काळा-पांढरा रोल घालायचाच. हा त्यातलाच फोटो, जवळच्या पूर्णा गावातल्या एका लग्नातला. मांडवाच्या दाराशी नवरीचे आईबाप उभे आहेत. बाप लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारा. सदरा नवा, दुकानातल्या घड्या तशाच अंगावर. रात्रपाळी करून तो थेट मांडवात आलेला, त्यामुळे कानामागे कापसाचा पुंजका राहून गेलाय, आणि बायको दोन बोटांनी तो काढतेय. तिचं लक्ष त्या पुंजक्याकडे, त्याचं आत, पोरीकडे.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाची एक अट होती. पहिला येईल त्याने बक्षीस घेताना आपली हातोटी सगळ्यांना सांगायची, चांगला अर्धा तास. ज्याला विद्या झाकून ठेवायचीय त्याने स्पर्धेत उतरूच नये, असा मंडळाचा खाक्या. यादवच्या बायकोने, मंदाने, विचारलं, "काय बोलणार तुम्ही?" प्रत्येक लग्नात पहिला फोटो नवरीच्या आईबापाचा काढायचा, हीच यादवची हातोटी. ती कुठून आली हे सांगायचं, तर बारा वर्षांपूर्वी एका भल्या माणसावर आपण काय आळ घेतला तेही सांगावं लागणार होतं. न सांगावं, तर आणखी एकदा खोटं बोलल्यासारखं. बक्षिसाचा आनंद त्याला दोन दिवससुद्धा पुरला नाही.

त्या माणसाचं नाव केसरीनाथ. सगळं गाव त्यांना नाथभाऊ म्हणायचं. शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि घरी मोरीशेजारच्या खोलीला काळे पडदे लावून गावातल्या फोटोग्राफरांचे रोल धुऊन द्यायचे. माणूस अतिशय शिस्तीचा. लूमच्या पाळ्या बदलताना विजेचा दाब खालीवर होतो, म्हणून त्या तासाभरात ते कागदाला हात लावायचे नाहीत. ओट्यावर बसून सुपारी कातरायचे. कितीही घाईचं काम असो, गिऱ्हाइकाने सुपारी खायची आणि वाट बघायची.

यादवने ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत आपला स्टुडिओ उघडला तेव्हा त्याला खरं शिकवलं ते नाथभाऊंनी. बौद्धांच्या लग्नात नवरी पांढऱ्या साडीत, आणि बाकीचे फोटोग्राफर समोरून फ्लॅश मारून त्या साडीचा चुना करून टाकायचे. नाथभाऊ म्हणाले, "पांढरं जाळू नकोस, यादव. फ्लॅशवर रुमाल टाक, नाहीतर त्याचं तोंड मांडवाच्या कापडी छताकडे कर. साडीची चुणी न् चुणी दिसली पाहिजे. तिनं ती सकाळी तास घालवून नेसलेली असते." यादव स्वतः बौद्ध. आपल्या माणसांची साडी चुन्यासारखी दिसू नये एवढं तरी आपण करावं, असं त्याला मनापासून वाटायचं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात पडघ्याचं काम आलं. राघो नावाचा ट्रक भरणारा हमाल, त्याच्या पोरीचं, कमळचं, लग्न. एका रोलचं लग्न. म्हणजे छत्तीस फोटो, त्यात वरात, वंदना, हार, जेवणं, पाठवणी, सगळं बसवायचं. राघोच्या घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. घरातल्या कुणाचा म्हणून एकही फोटो नव्हता.

यादव कॅमेऱ्यात रोल घालत होता तेवढ्यात "वऱ्हाड आलं, वऱ्हाड आलं" म्हणून गलका झाला. त्याने उभ्याउभ्याच फिल्मची जीभ खाचेत सरकवली, झाकण बंद केलं आणि पळाला. फिल्म धरली की नाही हे बघितलंच नाही. कॅमेऱ्याचा आकडा मोठा लबाड असतो. फिल्म सरकवायचा खटका ओढला की तो पुढे जातो, आत फिल्म फिरो न फिरो. दिवसभर आकडा गुणी पोरासारखा पुढे जात राहिला. छत्तीस झाले. सदतीस झाले. एखाददुसरा फोटो जास्त निघतो, म्हणून यादव खूश. चाळीस झाले तेव्हा त्याने कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. कमळ तोवर गाडीत बसली होती.

रोल उलटा गुंडाळायला घेतला, तर खुंटी हाताला काही ओझंच नसल्यासारखी गरगर फिरली. तिथेच त्याला कळलं. पण माणूस कळूनही न कळल्यासारखं करतो. त्याने रोल नाथभाऊंकडे दिला आणि देव न मानणारा यादव दोन दिवस कसल्यातरी चमत्काराची वाट बघत राहिला.

नाथभाऊंनी धुतलेली पट्टी त्याच्या हातात दिली. काचेसारखी स्वच्छ. काठावरचे कंपनीचे आकडे मात्र ठसठशीत उमटलेले. आकडे उमटले म्हणजे धुणाऱ्याची काही चूक नाही, हे कुठल्याही फोटोग्राफरला समजतं. नाथभाऊंनी काही विचारलं नाही. यादवनेही काही सांगितलं नाही. पडघ्याला त्याने निरोप पाठवला, वेळ लागेल.

श्रावणात राघो काविळीने गेला. चौथ्या दिवशी, जलदानाचा मृत्यूनंतरचा विधी तोंडावर असताना, त्याची बायको बायजाबाई स्टुडिओच्या दारात येऊन उभी राहिली.

"जलदान हाय त्यांचं," ती म्हणाली. "हार घालाया फोटू न्हाय. लग्नातला एक दे. त्यात असतील ना ते."

यादव सव्वीस वर्षांचा होता. स्टुडिओ उघडून सहा महिने झाले होते. ह्याने रिकाम्या कॅमेऱ्याने लग्न काढलं असं एकदा गावात झालं, की पुन्हा कोण बोलावणार? हे सगळं खरंच होतं, आणि तरीही त्याने केलं ते वाईटच केलं.

"रोल धुताना खराब झाला, मावशी," तो म्हणाला. "माझ्याकडून नाही. धुणाऱ्याकडून."

"कोन धुनारा? चल, दाव मला."

त्याला जावं लागलं. नाथभाऊ ओट्यावरच बसले होते. बायजाबाईने सरळ विचारलं, "माझ्या मानसाचा फोटू तू घालवलास?"

नाथभाऊंनी तिच्या खांद्यावरून मागे यादवकडे बघितलं. यादवने मान खाली घातली. त्याच क्षणी बोलला असता तर सगळं निस्तरलं असतं. तो बोलला नाही.

"हो, बाई," नाथभाऊ म्हणाले. "चूक झाली. माझ्या हातून झाली."

मग बायजाबाई जे बोलली ते आळीतल्या सगळ्या दारांनी ऐकलं. नाथभाऊ उभे राहिले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. राघोचं जलदान नुसत्या टोपीला हार घालून झालं.

पुढच्या आठवड्यात यादव नवा रोल घेऊन गेला. पाय उचलत नव्हता, पण गेला. नाथभाऊंनी रोल घेतला आणि एवढंच म्हणाले, "डावीकडची खुंटी असते ना, खटका ओढला की ती फिरली पाहिजे. बघत जा." त्या विषयावर ते पुन्हा कधीच बोलले नाहीत.

बोलायला गाव होतंच. नाथभाऊकडे रोल दिला म्हणजे गेलाच, अशी थट्टा सुरू झाली. एकेक फोटोग्राफर ठाण्याला रोल पाठवू लागला. रंगीत फोटो येणारच होते, डार्करूम आज ना उद्या बंद पडणारच होती, हे खोटं नाही. पण वाईट नाव घेऊन बंद पडणं वेगळं. शेवटी एकटा यादव उरला. तो दर आठवड्याला जायचा, सुपारी खायचा आणि परत यायचा. नाथभाऊंची नजर अधू झाली आणि काळे पडदे उतरले, तोवर तो जातच होता. आणि प्रत्येक लग्नात पहिला फोटो नवरीच्या आईबापाचा काढत होता. एवढ्याने फिटतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

बक्षीस समारंभ शाळेच्या हॉलमध्ये होता. यादव स्वतः जाऊन नाथभाऊंना रिक्षाने घेऊन आला. ते मागच्या रांगेत बसले. यादवने पांढऱ्या साडीचं सांगितलं, रुमालाचं, छताचं सांगितलं. लोक वह्यांत लिहून घेत होते. मग तो थांबला.

"आता शेवटचं," तो म्हणाला. "खटका ओढल्यावर डावीकडची खुंटी फिरते का बघा. मी बघितली नव्हती. ब्याऐंशी साली पडघ्याचं एक अख्खं लग्न मी रिकामं काढलं. आणि रोल धुताना गेला असं सांगून नाथभाऊंवर ढकललं. त्यांच्या हातून एकही रोल कधी खराब झाला नाही. तुम्ही सगळ्यांनी बारा वर्षं ज्या दोषावरून त्यांची थट्टा केली, तो माझा होता."

मग पुढून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. लोकांना काय, कबुलीचंसुद्धा कौतुकच! नाथभाऊंनी हात उचलला नाही.

बाहेर पायऱ्यांवर यादव त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"मला कशाला सांगतोस?" नाथभाऊ म्हणाले. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. जिला ठाऊक नाही, तिला जाऊन सांग. टाळ्यांवर भागवू नकोस."

"तुम्ही त्या दिवशी गप्प का राहिलात, नाथभाऊ?"

"मला वाटलं, तू बोलशील," नाथभाऊ म्हणाले. "जरा वेळ लावलास."

रविवारी सकाळी यादव एस.टी.ने पडघ्याला गेला. बायजाबाई अंगणात तांदूळ निवडत होती. केस पांढरे झाले होते, पण तिने त्याला ओळखलं. तो तिच्यासमोर खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. फिल्म, खुंटी, आकडा, आणि तिच्या मागे मान खाली घालून उभं राहणं. तिने सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजे त्या मास्तराला मी उगाच बोलले."

"हो."

"आनि त्यानं ऐकून घेतलं."

"हो, मावशी."

शिव्या देईल, हाकलून देईल, यादव सगळ्याला तयार होता. तिने भलतंच विचारलं.

"तू दिसभर मिशिनला डोळा लावून व्हतास ना? मी चुलीकडं व्हते. पोरीवर फुलं पडली ती बी मी बघितली न्हाय. तू बघितलंस. मग सांग मला, कसं दिसत व्हते ते त्या दिशी?"

यादवने आठवायला घेतलं. कमळची साडी आठवली, तिची चुणी न् चुणी आठवली. ऊन कुठून येत होतं ते आठवलं. राघोचा चेहरा मात्र काही केल्या समोर येईना. आला तो एक खांदा. फोटोच्या चौकटीत डावीकडून पुन्हा पुन्हा येणारा, पांढऱ्या सदऱ्यातला खांदा. आणि त्याबरोबर स्वतःचा आवाज. बारा वर्षांत हे त्याला एकदाही आठवलं नव्हतं.

डोळे भरले होते त्यांचे, पोरीकडे बघत होते, असं काहीतरी सांगता आलं असतं. जिभेवर आलंही. बायजाबाईने ते जन्मभर जपलं असतं.

"मी त्यांना बाजूला व्हायला सांगत होतो, मावशी," तो म्हणाला. "ते कमळजवळ येऊन उभे राहायचे. माझा फोटो बिघडायचा. मी म्हणायचो, बाबा, जरा सरका. तीनदा म्हणालो. फिल्म फिरली असती ना, तरी ते त्यात नसते."

बायजाबाईने त्याच्याकडे रोखून बघितलं.

"मग सरकले?"

"सरकले. तिन्ही वेळा."

"काय बोलले?"

"'बरं दादा' म्हणाले. आणि थोड्या वेळानं पुन्हा आले."

तिचा हात तोंडावर गेला. "तेच ते," ती म्हणाली. "कुनी बी सरक म्हनलं का सरकायचे. साहेब म्हनला, मुकादम म्हनला, पोर म्हनलं तरी. आनि परत यायचे."

मग तिने मान जराशी खाली घालून, सावकाश, आपल्या नवऱ्याच्या आवाजात म्हटलं, "बरं दादा." आणि तिला रडू आलं.