शेखबाईंची वाळूची टेकडी

चहा ओतण्याआधी शेखबाई रिकामा कप उजेडात धरून बघत. पुण्यातल्या आमच्या शाळेत त्या भूगोलाच्या, मी मराठीची. मार्केट यार्डात आंब्याची पेटी घेतानाही वरचा थर उचलल्याशिवाय त्या भावाचं बोलत नसत. दुकानदार जरा लाघवी निघाला की मला कोपरखळी मारून म्हणत, "फार गोड बोलतोय. खालचे बघू!" मला हसू यायचं, कधी वैतागही यायचा.

त्यांचं माहेर कोकणात, समुद्राकाठी. घराच्या आणि समुद्राच्या मधे वाळूची टेकडी, तिच्यावर मर्यादवेल पसरलेली. ही जागा बाई आणि धाकटा भाऊ सलीम, दोघांच्या नावावर. एकदा सलीम खराडीच्या एका बिल्डरला घेऊन बाईंकडे आला, तेव्हा मी तिथेच होते.

"टेकडी काढली की ओटीवरून थेट सी व्ह्यू, मॅडम. शेजारी आमचं रिसॉर्ट. टेकडीच्या जागेचे पैसे रोख देऊ, वर वाळू आम्हीच उचलू, अगदी फुकट."

"फुकट? मग तर मुळीच नको. अहो, आम्हाला समुद्र दिसत नाही, म्हणजे त्यालाही आम्ही दिसत नाही. बरं चाललंय."

सलीम काकुळतीला आला. "आपा, पोरीचं लग्न तोंडावर आलंय. शेजाऱ्यांनी टेकडी दिली, त्यांचं काय बिघडलं?"

"अजून नाही बिघडलं. वादळात लाट आधी टेकडी खाते, मग घर. वर्गात हेच शिकवते मी, घरी विसरू?"

"म्हणजे टेकडीपुढे भाऊ परका," म्हणत तो उठला. नंतर ईदलाही त्याचा फोन आला नाही. बाई दिवसभर फोन हाताशी ठेवून बसल्या होत्या. सख्ख्या भावावर एवढा संशय बरा नव्हे, असं मी बोलून गेले.

"त्याच्यावर नाही हो," त्या म्हणाल्या, "त्याच्या गरजेवर."

गेल्या वर्षी बाई अचानक गेल्या. दफन झाल्यावर सलीम बाईंच्या इमारतीच्या जिन्यात एकटाच बसला होता. मी शेजारी बसले.

"पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या घरात लाटा शिरल्या," तो म्हणाला. "विहीर खारट झाली. आमची अर्धी टेकडी गेली, पण घर वाचलं. आपाला सांगायला कितीदा फोन हातात घेतला. वाटायचं, ती म्हणेल, आता काय हवंय याला?"

"तसंच म्हणाल्या असत्या," मी म्हणाले, "आणि मिळेल त्या बसने निघाल्या असत्या."

तेव्हा कुठे तो रडला.